अजून उघडायची आहे

नाशिकमध्ये पूर्वी कुठल्याही गोष्टीबद्दल मत द्यायला दोन शब्द पुरायचे. मिसळ असेल तर ‘भारी’ किंवा ‘पाणचट’. द्राक्षं असतील तर ‘गोड’ किंवा ‘आंबट’. पाऊस असेल तर ‘आहे’ किंवा ‘नाही’. मग १९९९ साली सुला वाईनयार्ड्स स्थापन झाली, पुढच्या वर्षी तिची पहिली वाईन बाजारात आली, आणि आमच्या गावाला वर्णन करायची सवय लागली. ज्यांच्या घरात तीन पिढ्या द्राक्षाबद्दल ‘ब्रिक्स किती?’ आणि ‘रेट काय?’ यापलीकडे संभाषण झालं नव्हतं, ते लोक ग्लास नाकाखाली फिरवून ‘शेवटी ओक जाणवतो बघा’ असं म्हणू लागले. ओकचं झाड कोणी पाहिलेलं नव्हतं. पण जाणवत होतं.

हीच भाषा पुढे गिटारीकडे गेली, आणि गिटारींतही एका विशिष्ट गिटारीकडे: महोगनीची ड्रेडनॉट. साध्या, पांढऱ्या स्प्रूसच्या तोंडाची गिटार असलेल्या माणसाला ‘कशी आहे?’ विचारा. ‘मस्त आहे’ म्हणेल आणि चहा मागवेल. महोगनीवाल्याला विचारलंत तर चहा गार होईल. ‘वॉर्म आहे,’ तो सुरू करतो. ‘ड्राय आहे, पण कोरडी नाही. मिड्स पुढे आहेत, पण अंगावर येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे वूडी आहे.’ लाकडाच्या वस्तूतून लाकडासारखा आवाज येतो, हे सांगताना त्याचा चेहरा असा होतो की आपणही मान हलवतो.

हे सगळं मला ऐकावं लागतं, कारण माझ्याकडे गिटार नाही. ज्याच्याकडे स्वतःची आहे तो दुसऱ्याची ऐकत नसतो, आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतो. त्यामुळे गंगापूर रोड ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात माझ्या मोकळ्या कानांना बरीच मागणी आहे.

वस्तूची थोडी ओळख करून देतो. १९०६ साली इंग्रजांनी पोर्ट्समथला एक युद्धनौका पाण्यात सोडली, एचएमएस ड्रेडनॉट. बारा इंची दहा तोफा तिच्यावर होत्या, आणि ती आल्याबरोबर जगातल्या बाकीच्या युद्धनौका एकदम म्हाताऱ्या ठरल्या. दहा वर्षांनी, १९१६ मध्ये, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या वाद्यविक्रेत्यांसाठी एक दांडगी गिटार बनवली आणि तिला त्या बोटीचं नाव दिलं. तोवरच्या गिटारी कमरेत बारीक असायच्या. हिला कंबर जेमतेम होती. स्वतःचं नाव घालून ही गिटार विकायला मार्टिनने १९३१ साल उजाडू दिलं. तिचं काम एकच होतं: गाणाऱ्याच्या मागे उभं राहून दणकून साथ करणं.

तोफांच्या बोटीचं नाव लावणारं वाद्य देवळालीच्या तोफखान्याशेजारी रुजलं, हे एका परीने रास्तच झालं. तोफखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक सुभेदारसाहेब आहेत. नातवाने मोठ्या हौसेने नव्या ड्रेडनॉटवर त्यांना काहीतरी वाजवून दाखवलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘रेंज चांगली आहे.’

आकाराचं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. तळाशी साडेपंधरा इंचांहून जास्त रुंदी आणि जवळजवळ पाच इंच खोली. नाशिकच्या टू बीएचकेमध्ये एवढी जागा कुठल्याच वस्तूसाठी शिल्लक नसते. फ्रीजमागे ठेवली तर गरम होते, माळ्यावर ठेवली तर शेजारी कुंभमेळ्याला आलेल्या पाहुण्यांच्या गाद्या असतात, आणि कपाटाशेजारी उभी केली तर कपाटाचं दार अर्धंच उघडतं आणि त्या घरातली माणसं पुढची काही वर्षं फक्त डाव्या बाजूचे कपडे घालतात. स्कूटरवरून न्यायची तर पाठीला लावावी लागते. मग तिची मान चालवणाऱ्याच्या डोक्याच्या वर निघते आणि द्वारका चौकात मागून येणारे रिक्षावाले त्या मानेशीच बोलतात.

माझ्या भाच्याने अशी गिटार घ्यायचं ठरवलं तेव्हा खरेदीला दाजी स्वतः आले. दाजी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. तिथे १९२८ पासून नोटा छापतात, आणि तिथून बाहेर पडलेला माणूस जगाकडे एकाच प्रश्नाने बघतो: यात खोट कुठे आहे? भाचा दुकानात एकेक गिटार मांडीवर घेऊन तेच जी, डी, ई मायनर, सी वाजवत होता. दाजींनी त्यातली एक उचलली, तिचं तोंड ट्यूबलाइटकडे केलं, एक डोळा मिटला आणि दुसरा भोकाला लावला.

‘आत काड्या आडव्यातिडव्या ठोकल्यात,’ ते म्हणाले.

‘ते ब्रेसिंग आहे साहेब, एक्स ब्रेसिंग. त्यानेच आवाज येतो.’

‘आणि हा डिंक ओघळलाय.’

दुकानदार अनुभवी होता. ‘हाताने बनवल्याची खूण आहे,’ म्हणाला.

‘आमच्याकडे असा शीट रिजेक्टमध्ये जातो.’ दाजींनी डोळा काढला. भोकाभोवती उमटलेला त्यांच्या भुवईचा ठसा दुकानदाराने फडक्याने हलकेच पुसला. मग प्रकरण लाकडावर आलं. वरची पाटी अख्ख्या महोगनीची, पाठ आणि बरगड्या लॅमिनेटच्या, असं दुकानदाराने समजावून सांगितलं.

‘म्हणजे प्लायवूड.’

‘लॅमिनेट, साहेब.’

‘आमच्या किचनच्या ट्रॉल्यांना लावलंय ते?’

याचं उत्तर आलं नाही. किंमत वीस हजारांच्या पुढे निघाली, तेव्हा दाजींनी भाच्याला बाजूला घेतलं. ‘महोगनीच हवी असेल तर ड्रेसिंग टेबल घेऊ. आईलाही उपयोग होईल.’ पण भाच्याने त्या पाटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान जवळ नेला आणि डोळे मिटले. असे डोळे मिटलेला मुलगा रिकाम्या हाताने घरी जात नाही, हे दुकानदाराला माहीत होतं. आम्हाला बिल मिळाल्यावर कळलं. दाजींनी पैसे मोजून दिले, दुकानदाराने परत दिलेली पन्नासची नोट उजेडात धरून बघितली आणि सवयीने मान डोलावली. त्या संध्याकाळी त्यांना मनापासून पसंत पडलेली ती एकच वस्तू.

घरी आल्यावर तिचा पहिला अभिप्राय मला फोनवरून कळला. ‘मामा, जबरदस्त आहे. फक्त अजून उघडायची आहे.’

मला वाटलं पॅकिंग. तसं नव्हतं. नवं लाकूड म्हणे आखडलेलं असतं. वाजवत राहिलं की महिन्या-वर्षांनी मोकळं होतं, आवाज फुलतो, त्याला गिटार उघडणं म्हणतात. अमेरिकेपासून अंबडपर्यंत सगळ्या गिटारवाल्यांची यावर श्रद्धा आहे. आणि मी तर म्हणेन की विद्यार्थ्यांच्या हिताचा इतका विचार करणारा सिद्धांत दुसरा नसेल. एफची कॉर्ड म्हणजे पहिल्या बोटाने सहाही तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी वेगळाच उद्योग करायचा. ती भाच्याच्या हातून लागेना. कधी दोन तारा वाजत, कधी नुसताच ठप्प असा आवाज येई. दाजींनी पेपरमागून विचारलं, ‘हा आवाज मुद्दाम येतो का?’

‘बाबा, लाकूड उघडायचंय अजून.’

यावर उपायही असतो. आपण घरी नसताना गिटार स्पीकरसमोर उभी करायची आणि गाणी लावून ठेवायची. लाकूड आपोआप थरथरतं आणि शिकतं. भाचा कॉलेजला जाताना ब्लूटूथ स्पीकरसमोर तिला उभी करून जाऊ लागला. तो गेला की ताई तोच स्पीकर आपल्या मोबाइलला जोडून दुपारच्या मालिका लावायची. पंधरवड्याने भाचा म्हणाला, बेस सुधारलाय. ताई म्हणाली, सुधारणारच, सासूचं काम करणारी बाई फार चांगली आहे.

एक मात्र खरं, की या वस्तूबद्दल दाजींचं मत एका आकड्याने बदललं. गिटारीच्या सहा तारा मिळून साधारण ७५ किलोच्या जोराने त्या पातळ पाटीला ओढत असतात, दिवसरात्र, वाजवा किंवा वाजवू नका. गिटारीचं स्वतःचं वजन दोन किलोंच्या आसपास. दाजींचं वजनही ७५. ते बराच वेळ ब्रिजकडे बघत राहिले. ‘म्हणजे मी इथे लटकलो तरी...’ ‘नको,’ ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

महोगनीचे दुसरे मालक कॉलेज रोडला दात काढतात. त्यांच्याकडे प्रत्यक्ष मार्टिन डी-१८ आहे: पाठ आणि बाजू महोगनीच्या, तोंड स्प्रूसचं. अशा गिटारीच्या किमतीत नाशिकमध्ये चांगल्यापैकी सेकंडहँड गाडी येते आणि गाडी निदान पावसात बाहेर काढता येते. डॉक्टरांची गिटार पावसात खोलीबाहेर निघत नाही. या लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा लागतो. नाशिकची हवा जुलैत त्याच्या कितीतरी वर जाते आणि हिवाळ्यात कोरडी ठणठणीत होते. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, पाटीला पोट सुटतं, तारा वर उचलल्या जातात आणि दाबताना बोटं सोलवटतात. थंडीत तेच लाकूड आकसतं आणि गळ्याच्या कडेला फ्रेटची टोकं कुसळासारखी हाताला लागतात. बिचाऱ्यांना वर्षभर औषधपाणी करावं लागतं. जूनमध्ये केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या पडतात, घरातल्या सगळ्या नव्या बुटांच्या डब्यांतून जमवलेल्या. डिसेंबरात पुड्या निघतात आणि प्रवासी साबणदाणीला भोकं पाडून, तिच्यात ओला स्पंज घालून ती आत ठेवली जाते. लाखांच्या वाद्याच्या उशाशी निळ्या प्लॅस्टिकची साबणदाणी. डॉक्टरांनी तिची भोकं दाताच्या ड्रिलने पाडली आहेत आणि ती अगदी समान अंतरावर आहेत.

निफाडला पारा उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. द्राक्षवाले ती वाचून शेकोट्या पेटवायला बागेत धावतात. डॉक्टर ती वाचून साबणदाणी भिजवतात. त्यांच्या भिंतीवर हवेतला दमटपणा मोजायचं घड्याळ आहे आणि एसी गिटारीच्या खोलीत आहे. ‘आमच्याकडे गिटारीला स्वतंत्र खोली आहे,’ वहिनी हसत सांगतात. ‘सासूबाई हॉलमध्ये झोपतात.’ सासूबाईंचं म्हणणं विचाराल तर, हॉलमध्ये टीव्ही आहे.

डॉक्टर वाजवतात कसं? वाजवायच्या आधी पट्ट्याचं बक्कल काढून ठेवतात, घड्याळ काढतात, शर्टाची बटणं तपासतात, हात धुतात, पुसतात, गिटार बाहेर काढतात, ट्यून करतात, डोळे मिटून एकदाच ई मेजर वाजवतात आणि तो पूर्ण विरेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही हलू देत नाहीत. मग ती परत ठेवतात. ‘ऐकलंत? नोट संपते कशी, ते बघा.’ मी बघितलं. संपली होती.

त्यांच्याकडे भिंतीवर अडकवायचा हूक ठोकायला सुतार आला, तेव्हा मी तिथे होतो. मिस्त्रीने माप घ्यायला म्हणून गिटार सरळ मानेला धरून उचलली. डॉक्टर अर्धवट उठले. मिस्त्रीने ती उलटी केली, पाठीवर बोटांच्या गाठींनी दोन ठिकाणी ठोकलं, अंगठ्याचं नख रेषेवरून फिरवलं आणि विचारलं, ‘साग नाही मिळाला का डॉक्टर?’

‘हे महोगनी आहे. मुद्दाम.’

‘हां.’ अजून एकदा ठोकलं. ‘माल सुकलेला आहे. वजनाला हलका, म्हणून आवाज मोकळा येतो. रेष सरळ आहे. झाड चांगलं होतं.’

महोगनीवरचं इतकं नेमकं बोलणं मी त्या आधी कोणत्याच मालकाकडून ऐकलं नव्हतं, आणि ते सात-आठ सेकंदांत आटोपलं. मग त्याने ती खाली ठेवत विचारलं, ‘वाळवीचं औषध मारून देऊ? आणि मेलामाइन पॉलिश मारतो, चमकेल.’ डॉक्टरांनी हूकचा बेतच रद्द केला.

तिसरे मालक दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. तरुणपणी मुंबईला शिकायला असताना हाताला गिटार लागली, ती सुटली नाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत ते तिला शिवत नाहीत. थिनिंग, डिपिंग, पेपर लावणं, एक्सपोर्टवाल्यांचे फोन. एप्रिलमध्ये पॅकहाउस रिकामं झालं की क्रेटवर बसून वाजवतात. बोटं कात्रीने आधीच कडक झालेली, त्यामुळे तारांचा त्रास नाही. आमच्या ओळखीत सगळ्यांत गोड हात त्यांचाच, आणि गिटारीबद्दलचा त्यांचा संपूर्ण अभिप्राय असा: ‘वाजती.’

पण लाकडाबद्दल त्यांना वेगळीच आस्था आहे. बांधावर त्यांनी महोगनीची रोपं लावलीत. ‘पंधरा वर्षांत करोडपती’ असं सांगत रोपं विकणारे लोक गावोगाव फिरतात, त्यातलेच कुणीतरी त्यांच्याकडेही आले होते. एकदा भाच्याची गिटार हातात घेऊन त्यांनी बराच वेळ वरची पाटी निरखली. मला वाटलं आता दाद देणार.

‘भाऊ, ही पाटी जाडीला किती असंल?’

‘तीन मिलिमीटर,’ भाचा म्हणाला.

ते मनातल्या मनात काहीतरी गुणत राहिले. ‘म्हणजे एका झाडात किती गिटारी निघतील!’ मग नजर वर करून, ‘आणि नाशिकला वर्षाला किती खपत्यात?’

मला त्यांचा उत्साह मोडवेना. हे झाड मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, कॅरिबियन बेटांतलं. त्याची एक जात भारतात १७९५ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात येऊन रुजली. तिकडे त्याच्या मूळ जंगलात मात्र त्याची इतकी तोड झाली की मोठ्या पानाच्या महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००३ पासून कागदपत्रांचं बंधन आलं. गिटार कंपन्या आता सपेली, खाया अशी आफ्रिकेतली चुलत लाकडंही वापरतात. म्हणजे अमेरिकेतलं झाड अमेरिकेतच कडेकोट बंदोबस्तात आणि दिंडोरीच्या बांधावर ठिबकवर. उलट आपल्याकडचं शिसव घ्या. मार्टिनची नावाजलेली डी-२८ गिटार १९६९ पासून भारतीय शिसवीची बनते. तिकडचे वादक ‘ईस्ट इंडियन रोझवूड’ म्हणताना आवाज खाली आणतात. आमच्या आजीने शिसवीच्या पाटावर बसून चाळीस वर्षं पुरणपोळ्या लाटल्या आणि तिला त्यातले ओव्हरटोन कधी ऐकू आले नाहीत. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

मग एक दिवस मला लँकेस्टर विद्यापीठातला प्रयोग वाचायला मिळाला आणि मी तो या मंडळींत सांगायची चूक नव्हे, मजा केली. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. एका इंग्रज कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझीलचं रोझवूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली, अक्रोड. बावन्न गिटारवादक बोलावले. लाकूड दिसू नये म्हणून खोलीत अंधार केला आणि वर वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवले. आणि वाजवायला दिलं. निकाल असा की महागडं लाकूड आणि स्वस्त लाकूड यांना मिळालेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कुठली कुठली हेही त्यांना धड ओळखता येईना.

डॉक्टर म्हणाले, ‘इंग्लंडची हवा दमट आहे.’

भाचा म्हणाला, ‘नव्या होत्या ना मामा? उघडल्याच नसतील.’

बागाईतदार म्हणाले, ‘त्यातलं अक्रोड कितीला पडलं?’

अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा कारखाना असलेले एक मित्र हजर होते. त्यांना प्रयोगाच्या निष्कर्षापेक्षा साधनांत गोडी. ‘चष्मे माझ्याकडे आहेत,’ ते म्हणाले, आणि हां हां म्हणता ताईच्या हॉलमध्ये पडदे ओढले गेले. डॉक्टरांनी डी-१८ आणायला नकार दिला, म्हणून भाच्याची एक, त्याच्या मित्राची स्प्रूसची एक आणि बागाईतदारांची जुनी एक अशा तिघी जमल्या. वेल्डिंगचा चष्मा लावून भाच्याने तिन्ही वाजवल्या आणि मित्राची गिटार हातात असताना म्हणाला, ‘ही. हा वूडीपणा. हीच माझी.’ मित्र हसला. भाच्याने चष्मा काढला आणि बराच वेळ बॅटरी, तारा, ह्युमिडिटी या विषयांवर बोलला. त्या गिटारीला बॅटरी नाही.

ताई हातात पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. ती चष्म्याशिवाय आणि पाठ फिरवून म्हणाली, ‘मधली आपली.’

‘आई, तुला कसं कळलं?’

‘तिची तिसरी तार कायम थोडी उतरलेली असते. घरात ऐकते ना मी रोज.’

एका पावसाळी संध्याकाळी पंचवटीतले आमचे बुवा ताईकडे सत्यनारायणाला आले. वय झालेलं, पण कान शाबूत. गायनाचार्य पलुस्करांनी उतारवयात नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला, त्या परंपरेचा अभिमान त्यांच्या बोलण्यात सदैव असतो आणि तो बाळगायचा त्यांना हक्कही आहे. भाच्याने गिटार आणून दाखवली. बुवांनी ती तंबोऱ्यासारखी उभी धरली, एकेक तार छेडली आणि विचारलं, ‘यात सा कुठे आहे?’

भाचा म्हणाला, ‘सगळीकडे असतो. कुठलाही घ्या.’

‘सगळीकडे देव असतो, बाळा. सा एका जागी लागतो.’ आणि त्यांनी खुंट्या पिळायला सुरुवात केली. तारा उतरत, कुरकुरत, सा आणि प यांच्यावर येऊन बसल्या. मग त्यांनी नुसतं बोट फिरवलं. महोगनीला फार झगमग करता येत नाही, हे तिचे चाहतेच सांगतात. वरच्या स्वरांची झिलई कमी, मूळ स्वर ठसठशीत. तंबोरा म्हणून ती अशी काही बोलू लागली की प्रसाद घ्यायला उठलेली माणसं खाली बसली.

‘याला ओपन ट्यूनिंग म्हणतात,’ भाचा मला कुजबुजला.

‘मिरजेला चारशे पावलांत दहा माणसं हे करून देतात,’ बुवा म्हणाले. त्यांचा कान खरंच शाबूत होता.

मिरजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा आणि लाकूड बहुतेक वेळा तुणीचं. ही तूण आणि महोगनी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच कुळातल्या. नुसत्या त्याच नव्हेत. त्या कुळाचा आपल्या ओळखीतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे कडुनिंब. भाच्याने मोबाइलवर खात्री करून घेतली आणि त्याचा चेहरा जरा पडला. इतके दिवस होंडुरास, ॲमेझॉन, मार्टिन असं चाललं होतं. एकदम गुढीपाडव्याची चटणी भावकीत निघाली.

दाजींनी पेपर खाली ठेवला. ‘म्हणजे कडुनिंबाची गिटार.’

‘कूळ एक आहे फक्त, बाबा.’

‘वीस हजाराला.’

बागाईतदारांना मी फोनवर हे कळवलं तेव्हा त्यांना आनंद झाला. ‘लिंबाचं पाहुणं निघालं व्हय? मग बांधावर बरं राहील,’ म्हणाले.

यंदा भाच्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि गिटार विकायची ठरली. जाहिरात त्याने स्वतः लिहिली. फोटोत गिटार खिडकीशी तिरप्या उन्हात, मागे ताईची कुंडी. खाली मजकूर: ‘ऑल महोगनी टॉप. वॉर्म, ड्राय, वूडी. एकहाती वापर. धूम्रपान न करणारं घर. पूर्ण उघडलेली.’ आणि किंमत नव्या गिटारीपेक्षा दोन हजारांनी जास्त.

सातपूरहून एक आई मुलाला घेऊन आल्या. मुलगा दहावीतला, गिटारीकडे बघताना त्याचे डोळे मिटायच्या बेतात आलेले. आईंनी मात्र पाटीवरचा पिकाचा ओरखडा, खुंटीवरचा गंज आणि खालच्या कडेला गेलेला टवका एकामागून एक बोटाने दाखवला. दाजी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते.

‘जुनी आहे ना? मग नव्याहून जास्त कसे?’

‘काकू, लाकूड वाजवून वाजवून उघडतं. तीन वर्षं मी ती उघडलीय.’

‘तू वाजवायचास, त्याचे आम्ही पैसे द्यायचे?’

भाचा ब्रेसिंगपासून सुरुवात करणार होता, तेवढ्यात दाजी मधे पडले. ‘ताई, चार हजार कमी द्या आणि घेऊन जा. आत डिंक ओघळलाय, ते मी आधीच सांगून ठेवतो.’